सिंक अकरा फूट पलीकडे

सकाळी साडेसहा

या वेळेला प्लंबरचा फोन वाजला की तुंबलेली मोरी नाहीतर फुटलेला कॉक, तिसरं काही नसतं. आज मात्र ठाण्यातल्या श्रीनगरच्या वहिनींचा होता. "मिस्त्री, नक्की येताय ना? रात्रीच ओटा रिकामा केलाय. चहासुद्धा हॉलमध्ये इंडक्शनवर करतेय." मागून काकूंचा आवाज आला, "त्याला विचार, दिवाळीच्या आधी होईल ना?" दिवाळी अजून दीड महिना आहे. म्हटलं, "काकूंना सांगा, पाइपाचं काम आजच्या आज होईल. ओट्याचं ग्रॅनाइटवाल्याला विचारा, त्याचं पंचांग वेगळं असतं. आणि नऊच्या आत पाणी भरून ठेवा, पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं."

घर तिसऱ्या मजल्यावर, तळमजला अधिक चार मजल्यांच्या तीसेक वर्षं जुन्या इमारतीत. सिंक डक्टच्या भिंतीला चिकटून आहे, कारण बिल्डरला तिथे पाइप कमी लागला. वहिनींना ते खिडकीखाली हवंय. ओट्याच्या कोपऱ्यातून वळून टेप लावली तर अकरा फूट भरतं. काकू म्हणतात, "मी इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून भांडी घासली, माझं काही अडलं नाही." सून म्हणते, म्हणूनच हलवायचंय. या वादात मी पडत नाही. मी पाइपापुरतं बोलतो.

लोकांना वाटतं, सिंक हलवणं हे सुताराचं आणि ग्रॅनाइटवाल्याचं काम, प्लंबरने शेवटी येऊन दोन नळ्या जोडायच्या. नळाच्या पाण्यापुरतं ते खरंही आहे. गच्चीवरच्या टाकीचा दाब मागे असतो. अर्धा इंची सीपीव्हीसी भिंतीतून वर न्या, खाली न्या, चार वळणं द्या, पाणी येणारच. सांडपाण्याला मागून ढकलणारं कुणी नाही. ते आपल्या वजनाने उतरतं, उतरताना पुढची हवा रेटतं आणि मागे पोकळी सोडतं. ती पोकळी भरायला कुठून तरी हवा यावीच लागते. आपण वाट ठेवली नाही तर हवा आपली आपण शोधते, आणि तिला सापडणारी वाट बहुतेक वेळा सिंकच्या ट्रॅपमधूनच, म्हणजे खालच्या पाणी अडवणाऱ्या वाकणातूनच जाते. पाण्याचा पाइप कुठून नेणार हे प्रत्येक घरात विचारतात. हवा कुठून आणणार, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

सव्वाआठ

वागळे सर्कलच्या अलीकडे टपरीवर चहा. भाचा स्कूटरवर मागे बसलेला, मांडीवर कोअर कटिंगचं मशीन. गेल्या वर्षी पाटणहून आला. पाइप कापायला शिकला, ओळंबा धरायला शिकला, घाई सोडायला अजून शिकायचाय.

एमआयडीसी १९६२ मध्ये सुरू झाली ती याच वागळे इस्टेटमधून. कारखान्यांसाठी आखलेल्या रस्त्यांना नावांऐवजी नंबर पडले ते कायमचेच. आता वागळे इस्टेट म्हटलं की लोकांना पासपोर्ट ऑफिस आठवतं. टपरीवर एका बाजूला फायली छातीशी धरलेली कुटुंबं आणि दुसऱ्या बाजूला गळ्यात पट्टे घातलेली आयटी पार्कवाली पोरं. खाकीतले कामगार शोधावे लागतात. आयटीआय मात्र आहे तिथेच आहे. तिथल्या आमच्या सरांनी पहिल्या आठवड्यात फळ्यावर आडवा पडलेला एस काढला होता आणि सांगितलं होतं, अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये संडासाच्या पाइपाला असं वाकण देऊन त्यात पाणी अडवायची युक्ती पेटंट केली. घड्याळं बनवणाऱ्या माणसाला गटाराचं सुचावं, याची आम्हाला तेव्हा मजा वाटली होती. आजही सगळा धंदा त्या वाकणात अडकलेल्या दोन इंच पाण्यावर उभा आहे. ते पाणी तिथे आहे तोवर गटाराची हवा तिकडे आणि आपण इकडे.

नऊ

दुकानाचं शटर अर्धंच वर. माल आधीच सांगून ठेवलेला: पंचाहत्तर मिलिमीटरचा सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाइप दोन नळ, पन्नासचा एक तुकडा, पंचेचाळीस अंशांचे बेंड, एक वाय, एक डोअर टी, दोन रिपेअर कपलर, रिड्यूसर, क्लॅम्प, काऊल, सोल्युशनचा डबा. साधे नव्वदचे एल्बो घेतले नाहीत. काटकोनात वळलं की पाणी थबकतं आणि त्यातलं तूप-तेल तिथेच बसतं. पंचेचाळीसचे दोन लावले की पाणी वळसा घेऊन निघून जातं. फरक एका बेंडच्या किमतीचा, पण अंदाजपत्रकात आधी तोच कापला जातो.

शेवटी दुकानदाराने काउंटरखालून छोटी पेटी काढली. ही मी मुद्दाम मागवायला लावली होती. आत मुठीएवढा पांढरा व्हॉल्व्ह. पाइपात पोकळी झाली की त्याची रबरी चकती उचलली जाते आणि हवा आत जाते. पोकळी भरली की चकती आपल्या वजनाने बसते, वास बाहेर येत नाही. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये निघालेली ही चीज. आपल्याकडे अजून दुकानात मागितली की आधी वरपासून खालपर्यंत बघतात.

"याचं काय करणार? सगळे फ्लेक्झिबल लावतात."

लावतात खरं. अकॉर्डियनसारखा ओढला की लांब होणारा तो वेस्ट पाइप मला बघवत नाही. आतल्या प्रत्येक चुणीत चहापत्ती बसते. आणि लांब ओढला की मधे झोळ पडतो, झोळात पाणी साचतं, म्हणजे न मागता दुसरा ट्रॅप तयार. दोन ट्रॅपच्या मधे कोंडलेली हवा पाण्याला पुढे जाऊ देत नाही. मग वहिनी सांगतात, सिंक नवं आहे तरी पाणी हळू उतरतं.

पावणेदहा

इमारतीखाली सेक्रेटरी काका हातात कागद घेऊन उभे. तोडफोड दहा ते एक आणि चार ते सहा. डेब्रिज गोण्यांत भरून खाली, जिन्यात सांडायचं नाही. लिफ्ट नाहीच, त्यामुळे तिचा नियमही नाही. त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांचा एकच प्रश्न, "आमच्याकडे गळणार नाही ना?"

प्रश्न रास्त आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत संडास, सिंक वगैरेंच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांच्या माथी आहे, आणि 'संबंधित' कोण यावर वर्षानुवर्षं बोलणी बंद असलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांना वर नेऊन दाखवलं. नवीन सिंक स्वयंपाकघराच्या हद्दीतच आहे, म्हणजे खाली त्यांचंही स्वयंपाकघरच. वहिनींच्या मनात आधी हॉलच्या बाजूला, भिंत काढून ओपन किचन करायचं होतं. त्याला मी नकार दिला होता. खाली ज्यांचा पलंग आहे त्यांच्या डोक्यावर सांडपाण्याचा पाइप न्यायचा नसतो, आणि तीस वर्षं जुन्या इमारतीत भिंत काढणं हे प्लंबरच्या शब्दावर करायचं काम नव्हे. इथून हाकेच्या अंतरावर किसन नगर आहे. १९९८ मध्ये तिथली साईराज इमारत पडली, माणसं गेली. त्या पिढीतले लोक अजून या भागात राहतात. वर ब्रेकर लागल्याचा आवाज आला की ते जिन्यात येऊन उभे राहतात, आणि त्यांना कटकटे म्हणायची माझी हिंमत नाही. म्हणून स्लॅबला हात नाही, बीमला हात नाही. भिंतीत भोक पाडायचं ते कोअर कटिंगने, विटांतच, आणि पाइप ओट्याखालून भिंतीच्या कडेने उघडा. सिंकचं कपाट पुढे येणारच आहे, लपवायचं काय?

दहा

टाकीचा व्हॉल्व्ह बंद. भाच्याने जुन्या ओट्याचा कडप्पा सुटा केला आणि सिंकखालची जुनी जीआयची नळी हातातच आली. दीड इंची नळी, आतलं भोक अंगठ्याएवढं राहिलेलं. कापून वहिनींना दाखवली. बाहेरून गंज, मग काळा थर, मग पिवळा मेणचट थर, त्यात रुतलेली मोहरी. "ही आमची?" म्हणाल्या. काकू तेवढ्यात, "माझ्या वेळची नाही ती मोहरी."

जुन्या पद्धतीबद्दल मला एक सांगायचंय, कारण तिला नावं ठेवायची फॅशन आहे. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरांत सिंकची नळी थेट भिंतीतल्या पाइपाला जोडलेली नसे. ती ओट्याखाली जमिनीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीवर येऊन मोकळी पडे. दिसायला गबाळं, शिंतोडे उडत, झुरळं येत. पण त्या मोकळ्या जागेतून हवा मिळत होती. सिंकमधून बादलीभर पाणी सोडा, नळी ओढून ओढून हवाच ओढणार आणि तीही ओट्याखालची. त्यामुळे व्हेंट हा शब्दही माहीत नसलेल्या मिस्त्रींनी केलेली कामं चाळीस चाळीस वर्षं चालली. मग मॉड्युलर किचन आलं. कपाटात झुरळ नको, वास नको, म्हणून नळीभोवती रबर आणि सिलिकॉन मारून सगळं हवाबंद केलं. हवेची वाट गेली, बदली दिली नाही. घरोघरी सिंक गुडगुडायला लागली ती तेव्हापासून. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल भक-भक करत पडतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते, हे ज्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं त्याच घरात सिंकला दुसरं भोक ठेवायचं सुचत नाही.

साडेदहापर्यंत डक्टच्या भिंतीत जमिनीपासून दहा इंचांवर कोअर मारून झाला. पलीकडे डक्टमधला मोठा उभा पाइप दिसला. पूर्वी बीडाचा होता, सोसायटीने काही वर्षांपूर्वी बदलून पीव्हीसी केला. या इमारतीत संडासाचा पाइप वेगळा आणि मोरी-सिंकचा वेगळा. दुसरा खाली गली ट्रॅपमध्ये पडतो, तिथून चेंबर. म्हणजे वास अडवायला खालीही एक ट्रॅप आहे. मग घरात वास का येतो, हे वहिनींनी मला पहिल्या दिवशीच विचारलं होतं. उत्तर वर असावं असा अंदाज होता.

साडेअकरा

गच्ची. ठाण्यात आता उघडी गच्ची दुर्मीळ. पावसाने वरचा मजला गळतो म्हणून सोसायट्यांनी पत्र्याच्या शेड घातल्या, आणि त्या शेडखाली वाळवणं, वाढदिवस, कोजागिरी सगळं होऊ लागलं. संडासाचा पाइप एका कोपऱ्यात शेडच्या खांबाला धरून पत्र्याबाहेर काढलेला, डोक्यावर काऊलची जाळीदार टोपी. मोरी-सिंकचा पाइप शोधावा लागला. पाण्याच्या टाकीमागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एंड कॅप मारून बंद.

सेक्रेटरी काकांना वर बोलावलं. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "कोजागिरीला वास यायचा ना." शेड घातली, पाइपाचं तोंड शेडखाली राहिलं, वास आला, कुणीतरी बूच मारलं. कुणी, ते विचारण्यात अर्थ नव्हता. चेहऱ्यांवरून बूच सर्वानुमते लागलं असावं.

"पण बंद करून काही फरक पडला नाही," काका म्हणाले.

म्हटलं, पाच मिनिटं द्या. भाच्याला चौथ्या मजल्यावर पाठवलं, दोन बादल्या घेऊन. काकांना तिसऱ्या मजल्यावर ओट्याखाली वाकायला लावलं आणि जुन्या नहाणी ट्रॅपची जाळी काढून आत टॉर्च मारला. पाणी आरशासारखं स्थिर. फोनवर म्हटलं, सोड. वरून पाणी धबधब करत डक्टमधून गेलं आणि ट्रॅपमधलं पाणी एकदम खाली ओढलं गेलं, बोटभर, दीड बोट. मग गुडगुड करून दोन बुडबुडे आले आणि उरलेलं पाणी हेलकावत राहिलं. बुडबुड्यांपाठोपाठ तो ओळखीचा वास. काका उठताना ओट्याला डोकं आपटून घेणार होते.

परत गच्चीवर. हॅक्सॉने कॅपखाली पाइप कापला. आतून उबदार हवेचा झोत हाताला लागला. पुन्हा दोन बादल्या, पुन्हा टॉर्च. या वेळी पाणी नुसतं थरथरलं.

"यासाठी मीटिंग घ्यावी लागेल," काका म्हणाले. म्हटलं, घ्या, पण पाइप आज जोडून घेतो. माझ्याकडे दहा फूट आहे. दोन पंचेचाळीसचे बेंड देऊन शेडच्या खांबाच्या बाजूने पत्र्याच्या वर काढतो, वास तुमच्या कोजागिरीला लागणार नाही. माझा तो पांढरा व्हॉल्व्ह फक्त हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. खालून रेटलेली हवा बाहेर पडायला एक तोंड उघडं लागतंच. ते वर बंद असेल तर मी खाली सोन्याचा व्हॉल्व्ह लावला तरी उपयोग नाही. आजी म्हणाल्या, "लावून टाक रे बाबा, मीटिंगला कोण येतंय." काका हो म्हणाले. मीटिंगला खरंच कुणी येत नसावं.

एक

डबा. वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा. काकूंनी ताक दिलं. दोन ते चार इमारत झोपते, तेव्हा आवाज न करता करायची कामं.

अडीच

आजचं खरं काम हे, आणि त्यात आवाज अजिबात नाही.

सांडपाण्याच्या पाइपाला आमचा ढाळ म्हणजे फुटाला दोन सूत. आठ सुतांचा एक इंच. अकरा फुटांना बावीस सूत, म्हणजे पावणेतीन इंच. जास्त दिला तर चांगलं, असं पुष्कळांना वाटतं. जास्त दिला तर पाणी पळून जातं आणि खरकटं मागे राहतं. कमी दिला तर दोन्ही राहतात.

पाण्याची लेव्हल नळी घेतली. एक टोक भाच्याकडे खिडकीपाशी, एक माझ्याकडे डक्टपाशी. ट्रॅपमधून पाणी जिथून पलीकडे सांडतं तो काठ भिंतीवर खुणेने धरला आणि तीच उंची अकरा फूट आणून डक्टच्या भोकापाशी पेन्सिलने रेघ मारली. मग भाच्याला विचारलं, "पन्नासचा पाइप इथवर आणला तर त्याचं डोकं कुठे येईल?" पाइप पावणेतीन इंच उतरलेला, स्वतः दोन इंचांचा. डोकं रेघेच्या पाऊण इंच खाली. "म्हणजे, मामा?" म्हणजे उभ्या पाइपातली हवा त्या तोंडातून वरच्या अंगाने ट्रॅपपर्यंत पोचायचा मार्ग खुंटला. सिंक भरून एकदम सोडलं की मधला पाइप पाण्याने गच्च भरतो, आणि मग ड्रममधून रबरी नळीने रॉकेल काढायचे तसं होतं: एकदा धार लागली की ती ट्रॅपमधलं राखून ठेवलेलं पाणीही ओढून नेते. शेवटचा जो घळघळ आवाज येतो तो ट्रॅप रिकामा झाल्याचा. लोकांना वाटतं, वा, काय मस्त खेचतंय.

नियम इतकाच की ट्रॅपपासून हवेच्या वाटेपर्यंतचा एकूण ढाळ पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त होता कामा नये. दोन इंची पाइपाला आठ फुटांच्या पुढे तो मोडतोच. पंचाहत्तरचा घेतला तर डोकं रेघेला जेमतेम टेकतं. कागदावर चालेल, पण आत पिवळा थर बसायला लागला की पंचाहत्तरचा पंचाहत्तर राहत नाही. सकाळची नळी अजून ओट्यावर पडलेली होतीच. म्हणून दोन्ही केलं. अकरा फुटांची धाव पंचाहत्तरने, आणि ट्रॅपच्या लगेच पुढे पन्नासच्या टीवर उभा तुकडा, त्याच्या डोक्यावर व्हॉल्व्ह. तो आडव्या पाइपापासून निदान चार इंच वर हवा, नाहीतर कधी पाइप तुंबला तर खरकटं चकतीत जाऊन ती चिकटते. आम्ही फूटभर वर घेतला.

याहून सरळ उपाय होता: व्हेंटचा वेगळा पाइप डक्टमधून चौथ्या मजल्याच्या वर नेऊन उभ्या पाइपाला जोडायचा. हलणारा भाग नाही, बिघडायचं काही नाही. मला तोच आवडला असता. पण त्यासाठी चौथ्या मजल्याच्या खिडकीसमोरून पाइप न्यावा लागतो, आणि ती परवानगी मिळवण्यापेक्षा स्वीडनमधून व्हॉल्व्ह आणणं सोपं.

सगळं आधी कोरडं जोडून बघितलं, सोल्युशनशिवाय. प्रत्येक जोडावर पेन्सिलने आरपार रेघ, म्हणजे चिकटवताना बेंड फिरला तर कळतं. कोपऱ्यात डोअर टी, दार पुढच्या बाजूला. हे दार मागच्या बाजूला लावणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यांना परत बोलावत नाहीत, त्यामुळे त्यांना कधी कळत नाही.

चार

डक्टमध्ये बेल्ट लावून मी, खिडकीत भाचा. उभा पाइप कापून त्यात वाय बसवायचा. चौथ्या मजल्यावर तीनदा सांगून आलो होतो, अर्धा तास सिंक वापरू नका. आजी म्हणाल्या, "छे, छे, नळाला हातसुद्धा लावत नाही." पाइपाचा हातभर तुकडा बाहेर काढला आणि वरून कोमट काहीतरी मानेवर पडलं. भाताची पेज. आजींनी नळाला खरंच हात लावला नव्हता, पातेल्यातली नुसती पेज ओतली होती. भाचा खिडकीत वाकून हसतोय, माझ्या हातात करवत. असो. रिपेअर कपलर वर सरकवले, वाय मधे बसवला, कपलर खाली ओढून घेतले. रिंगच्या जोडात पाइप पूर्ण आत ठोकायचा नसतो. सेंटिमीटरभर मागे ओढून ठेवायचा, नाहीतर उन्हाळ्यात पाइप वाढतो आणि जोडातूनच वाकतो.

आतली धाव सोल्युशनने. पुसायचं, दोन्हीकडे लावायचं, घालताना पाव वळण द्यायचं आणि तीसपर्यंत मोजत दाबून धरायचं. भाचा दहाला सोडतो. मी त्याचा हात धरून ठेवतो.

मग जुना नहाणी ट्रॅप. वहिनी म्हणाल्या, "तो राहू दे की, कधी पाणी सांडलं तर." काढला. सिंक गेल्यावर त्यात रोज पाणी पडणार नाही, काही आठवड्यांत सुकेल, आणि सुकलेला ट्रॅप म्हणजे डक्टला घरात उघडलेली खिडकी. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सचा ताप ३०० हून जास्त रहिवाशांना झाला, तेव्हा तपासात न्हाणीतले असे सुकलेले ट्रॅप निघाले होते. वर बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन सुरू, त्यामुळे पाइपातली हवा थेट घरात ओढली जात होती. हे सांगितल्यावर वहिनींनी विचारलं, "मग पाहुण्यांच्या बाथरूमचं काय? तिथे कुणी जात नाही." आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. एवढंच.

ट्रॅपच्या फांदीला कॅप मारली. ही बूच मारायची योग्य जागा.

सहा

जुनंच सिंक विटांवर ठेवून तात्पुरतं जोडलं. सगळ्या जोडांखाली वर्तमानपत्र पसरलं. पाइपावरचा थेंब डोळ्याला दिसत नाही, कागदावरचा लांबून दिसतो. टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, सिंकला बूच लावून काठोकाठ भरलं, त्यात निळीची पुडी सोडली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना फोन केला, छतावर निळं काही दिसलं तर सांगा. ते स्टुलावर चढूनच बसले होते.

काकूंना म्हटलं, एक उदबत्ती द्या. "आत्ता? दिवेलागणीला लावतेच आहे." त्यांनी पेटवलेली आणून दिली. व्हॉल्व्हच्या कडेशी धरली, धूर सरळ वर जात होता. बूच काढलं. पाणी फिरत उतरलं, आणि धुराची रेघ आडवी होऊन व्हॉल्व्हच्या खाचांत शिरली, पाणी संपेपर्यंत शिरत राहिली, मग पुन्हा सरळ झाली. घळघळ नाही. ट्रॅपचं तळाचं झाकण खोलून पाहिलं, पाणी भरलेलं, निळं. काकूंनी पहिल्यांदाच कौतुकाने बघितलं, पण सुनेकडे नाही, उदबत्तीकडे.

वर्तमानपत्र कोरडं. खालून काकांचा फोन, छत कोरडं. तरी उद्या सकाळी पुन्हा बघा, म्हटलं.

सात

हिशेब झाला. गच्चीवरच्या पाइपाचे पैसे सोसायटी देणार, मीटिंगनंतर, म्हणजे मी ते विसरलेलेच बरे. निघताना सुताराला फोन लावला. सिंकखालचं कपाट तो परवा बसवणार.

"आत डाव्या कोपऱ्यात पांढरा व्हॉल्व्ह आहे. तो बॉक्समध्ये बंद करू नका. मागे किंवा बाजूला जाळी ठेवा, हात जाईल एवढी."

"जाळी डिझाइनमध्ये नाही."

"मग डिझाइनमध्ये घ्या."

"वहिनींनी फुल पॅक सांगितलंय. झुरळांमुळे."

वहिनी शेजारीच होत्या. फोन त्यांच्याकडे दिला. त्या सुताराला म्हणाल्या, हवा लागते हो त्याला, आणि उदबत्तीचं सांगायला लागल्या. सुताराला काही पटलेलं दिसलं नाही. तेवढ्यात मी मार्करने व्हॉल्व्हच्या उंचीवर भिंतीवर बाण काढून लिहिलं, 'इथे बंद करू नये'. भाच्याने त्याखाली हिंदीतही लिहिलं, सुतार राजस्थानचा आहे म्हणून. आणि काकूंनी मार्कर मागून घेतला, तारीख टाकली.